बाटली कधी थांबवायची?

रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि पलीकडून सिस्टर म्हणते, "सर, बीपी लागत नाहीये." केसपेपरवर आपण 'नॉट रेकॉर्डेबल' असं लिहितो, पण मला हे मराठी वाक्य जास्त अचूक वाटतं. थांग लागत नाही, फोन लागत नाही, तसं बीपी लागत नाही. म्हणजे ते आहे, फक्त आपल्या पट्ट्याला सापडत नाही. हृदय चालू आहे, रक्त कुठे ना कुठे फिरतं आहे, आणि गाडं नेमकं कुठे अडलंय हे त्या घटकेला खाटेजवळच्या कुणालाच ठाऊक नाही. ते शोधून काढायच्या विद्येला हीमोडायनॅमिक मॉनिटरिंग म्हणतात. नाव बोजड आहे. मी विद्यार्थ्यांना 'रक्ताभिसरणावरचा पहारा' म्हणून सांगतो. पहारा म्हटलं की जागं राहणं आलं.

त्या फोननंतरची दहा मिनिटं सगळ्यांना पाठ असतात. दोन्ही हातांना जाड इंट्राकॅथ, दोन्हीकडे सलाईन, रोलर पूर्ण उघडा, खाटेचा पायथा वर. यात बहुतेक वेळा काही चुकत नाही. पहिली बाटली क्वचितच चुकते, दुसरीही फारशी नाही. चुकते ती चौथी आणि पाचवी, कारण ती विचाराने नव्हे, सवयीने लागलेली असते. हे पुस्तक त्या चौथ्या बाटलीबद्दल आहे असं मी समजतो. लेखकद्वयाला कदाचित हे पटणार नाही, कारण त्यांनी यंत्रांवरही भरपूर पानं खर्च केली आहेत. पण प्रस्तावना लिहिणाऱ्याला एवढी सूट असावी.

आपल्याकडे बाटलीला औषधापेक्षा मोठं स्थान आहे. साधा थकवा घेऊन आलेला माणूससुद्धा जाताना विचारतो, "डॉक्टर, एक सलाईन लावता का?" अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, एवढाच तो ऐवज. एरवी त्याने फार बिघडत नाही. मात्र आयसीयूत ज्याच्या केशवाहिन्या जंतुदोषाने गळक्या झाल्या आहेत, त्याला दिलेलं तेच पाणी तासाभरात शिरांबाहेर पाझरतं आणि फुफ्फुसात, आतड्यांत, मूत्रपिंडांभोवती साचतं. दुसऱ्या दिवशी नातेवाईक म्हणतात, "अंगावर सूज आलीय, पण मशीनवर सगळं बरोबर दिसतंय ना?" काचेपलीकडून ते मॉनिटरकडे बघत असतात. कोविडने घराघरांत ऑक्सिमीटर पोहोचवला तेव्हापासून आकडा वाचायची सवय सगळ्यांनाच लागली आहे. आकड्याला प्रश्न विचारायची सवय मात्र आम्हा डॉक्टरांनाही अजून पुरती लागलेली नाही.

शिरेतून मिठाचं पाणी द्यायची कल्पना कॉलऱ्यातून आली. 1831 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये साथ पसरली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या अगदी तरुण आयरिश डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि नंतर हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारण्याच्या कामी लागला. त्याचं म्हणणं प्रत्यक्षात आणून पाहिलं ते स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटाने, 1832 मध्ये. त्याची पहिली रोगी एक वृद्ध बाई होती. नाडी हाताला लागत नव्हती. लाटाने शिरेत नळी घातली आणि थोडं थोडं द्रावण सोडत, तिच्या चेहऱ्याकडे बघत तो बसून राहिला. अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर गेलं. डोळ्यांत तेज आलं, हातपाय गरम झाले, नाडी लागली. बाई सावरली असं समजून लाटा तिला तिथल्या डॉक्टरच्या हवाली करून निघून गेला. उलट्याजुलाब परत सुरू झाले आणि साडेपाच तासांत ती गेली.

ही गोष्ट मी दरवर्षी नव्या रेसिडेंटांना सांगतो. इथे पाणी जास्त झालं नव्हतं, उलट पुन्हा द्यायला हवं होतं. लाटाचं औषध बरोबर होतं, मात्राही बरोबर होती. तो तिथे होता तोवर मॉनिटरिंगही होतं, म्हणजे तो स्वतःच मॉनिटर होता. तो उठून गेला आणि मॉनिटर बंद पडला. कॉलऱ्याची पुढची मोठी गोष्ट आपल्या देशाच्या सीमेवर घडली. 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून हजारोंना वाचवलं. ज्याला तोंडाने पाणी चालतं त्याला शिरेतून देऊ नये, हा धडा त्यातून मिळायला हवा होता. आपण तो जुलाबापुरताच घेतला.

मोजण्याचा इतिहास मात्र घोडीपासून सुरू होतो. स्टीफन हेल्स हा इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचा पाद्री. त्याने एक घोडी उताणी बांधली, तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी खुपसली, तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली, आणि रक्त किती उंच चढतं ते पाहिलं: आठ फूट तीन इंच. मग थोडं थोडं रक्त काढत दर वेळी उंची कशी उतरते ते त्याने टिपून ठेवलं. 1733 मध्ये ते छापून आलं. क्रूर होतं, पण रक्तस्रावाच्या शॉकमध्ये काय होतं याची पहिली मोजलेली नोंद तीच. माणसासाठी दंडाला बांधायचा पट्टा यायला 1896 उजाडलं. तो इटलीच्या रिवा-रोच्चीचा. स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची युक्ती रशियाच्या कोरोत्कोव्हने 1905 मध्ये सांगितली. सव्वाशे वर्षांनंतरही तालुक्याच्या दवाखान्यात आपण त्या दोघांच्याच जिवावर काम करतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण रक्तदाब म्हणजे रक्तप्रवाह नव्हे, ही या विषयातली कळीची गोष्ट. ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला ती चटकन समजते. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. दाब वाढलेला असतो, वाफ्यात पोहोचणारं पाणी मात्र कमी झालेलं असतं. शॉकमध्ये शरीर नेमकं हेच करतं. हातापायांच्या, कातडीच्या, आतड्यांच्या वाहिन्या आवळून ते वरचा आकडा सांभाळून ठेवतं. डेंग्यूच्या पेशंटचं बीपी शंभरवर पंच्याऐंशी येतं. सिस्टर शंभर ऐकते, आपणही शंभरच ऐकतो, आणि दोघंही निश्चिंत होतो. दोन आकड्यांतलं अंतर पंधरावर आलंय, नाडी धाग्यासारखी झालीय, प्लाझ्मा गळून रक्त दाट झालंय, हे कुणी ऐकत नाही. वीसच्या आत आलेलं ते अंतर म्हणजे धोक्याची घंटा. आणि याच पेशंटचं गळणं दोनेक दिवसांत थांबतं, बाहेर गेलेलं पाणी आपणहून परत आत येऊ लागतं. नेमकी त्याच वेळी आपली बाटली चालू राहिली, तर काल कोरड्याने मरणारा आज पाण्याने मरतो. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही आयसीयूत हे पाहायला मिळेल.

विहिरीचं उदाहरण थोडं पुढे नेतो. पाणी येत नसेल तर कारणं मोजकीच असतात. विहिरीनं तळ गाठला आणि मोटर हवा धरायला लागली, हे रक्तस्राव किंवा जुलाब. मोटरच जळाली, हा हार्ट अटॅक. पाईप जागोजागी फुटून सैल झाला, हा जंतुदोष. मध्येच काहीतरी अडकलं, म्हणजे हृदयाभोवती साचलेलं पाणी किंवा फुफ्फुसाच्या धमनीतली गाठ. लॉस एंजेलिसच्या मॅक्स हॅरी वाइल आणि हर्बर्ट शुबिन यांनी शॉकचे हेच चार वर्ग 1972 मध्ये मांडले. जळालेल्या मोटरीसाठी विहीर भरून काय उपयोग? पण 'बीपी लागत नाही' हे वाक्य चारही वेळा सारखंच ऐकू येतं, आणि हात बाटलीकडेच जातो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या कोकणात आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्या पेशंटांशेजारी रात्ररात्र बसून नोंदी करत होते. घामाने निथळणारा, हातपाय बर्फासारखे पडलेला, नाडी क्षीण झालेला माणूस. वरवर पाहता हा सरळ सरळ पाणी कमी पडल्याचा शॉक. त्यांच्या नोंदी वेगळं सांगत होत्या: विषाने वाहिन्या घट्ट आवळल्या गेल्या आहेत, हृदयावर ताण आहे, आणि थोड्याच वेळात तोंडातून फेस येणार आहे. विंचूदंशाच्या हृदयावरच्या खुणांचं त्यांचं टिपण 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. वाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी त्यांनी वापरात आणली आणि त्यांच्या नोंदींप्रमाणे शंभरात तीस-चाळीस मृत्यूंवरून प्रमाण एक-दोनवर आलं. ना आर्टेरियल लाईन, ना इको. नाडी, बीपीचा पट्टा, हातापायांची ऊब आणि खाटेजवळची खुर्ची. हीमोडायनॅमिक मॉनिटरिंग महागड्या रुग्णालयांचं काम आहे असं कुणी म्हणालं की मी महाडकडे बोट दाखवतो.

अर्थात यंत्रांनी मोह घातला, आणि तो मोह समजून घेण्यासारखा आहे. 1929 मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि त्याच स्थितीत चालत एक्स-रे खोलीत जाऊन फोटो काढला. आधी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, 1956 मध्ये दोघा अमेरिकन डॉक्टरांबरोबर नोबेल मिळालं. पुढे कॅलिफोर्नियाच्या सांता मोनिका किनाऱ्यावर जेरेमी स्वान मुलांना घेऊन बसले होते. वारा पडलेला असताना फुगलेल्या शिडाची एक होडी सरसर जाताना त्यांना दिसली, आणि नळीच्या टोकाला फुगा बसवला तर रक्तप्रवाहच तिला हृदयातून पुढे वाहून नेईल असं सुचलं. विल्यम गँझ यांच्यासोबत केलेलं ते काम 1970 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढची पंचवीस वर्षं स्वान-गँझ नळी नसलेला आयसीयू हा आयसीयूच नव्हे असं समजलं जाई.

मग 1996 मध्ये कॉनर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 5 रुग्णालयांच्या 5,735 पेशंटांचा हिशोब मांडला: नळी घातलेल्यांत मृत्यू जास्त होते. आधीच जास्त आजारी असलेल्यांनाच नळी घातली जात असेल, हा आक्षेप लगेच आला आणि तो गैर नव्हता. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या 65 आयसीयूंत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून पाहिली. नळी असलेल्यांत 68 टक्के मृत्यू, नसलेल्यांत 66. म्हणजे नळीने मारलं नाही आणि तारलंही नाही. तापमापकाने ताप उतरत नाही हे आपण आजीबाईलाही समजावतो. आपल्याला स्वतःला ते समजायला एवढी वर्षं लागली.

सीव्हीपीची कथा मला जास्त जवळची आहे, कारण तीत मी गुन्हेगार आहे. मी रेसिडेंट असताना एका मोठ्या रुग्णालयात (कुठलं ते महत्त्वाचं नाही) खाटेशेजारी लाकडी पट्टीला काचेची नळी बांधलेली असे. तिच्यातल्या पाण्याची उंची म्हणजे हृदयात येणाऱ्या रक्ताचा दाब. आम्हाला शिकवलं होतं: आकडा कमी तर पाणी द्या, बारावर आला की थांबा. न्यूमोनिया झालेल्या एका बाईंचा आकडा सहावर होता. मी रात्रभर बाटल्या देत राहिलो. सहाचे आठ झाले, आठाचे नऊ. बीपी वाढत नव्हतं, श्वास वाढत होता, आणि माझं लक्ष नळीवर. पहाटे त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. तीन दिवसांनी त्या गेल्या. मला कुणी बोललं नाही. चार्टवर सगळं नियमाप्रमाणे होतं.

2008 मध्ये पॉल मारिक यांनी सीव्हीपीवरचे सगळे अभ्यास एकत्र करून दाखवलं की हा आकडा पाहून पेशंटला पाणी मानवेल की नाही हे सांगणं आणि छापा-काटा करणं यात फारसा फरक नाही. सीव्हीपी आणि शरीरातलं रक्त यांचं नातं सिद्ध करणारा एकच अभ्यास त्यांना सापडला. तो होता सात घोड्यांवरचा! जाग्या, उभ्या असलेल्या सात घोड्या. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या सात घोड्या घातल्या. हेल्सच्या घोडीपासून पावणेतीनशे वर्षं चालून आपण घोड्यांच्याच पागेत परत आलो होतो. मी तो लेख वाचून हसलो, आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

मधल्या काळात एक मोठी आशा येऊन गेली. 2001 मध्ये डेट्रॉइटच्या एका रुग्णालयात इमॅन्युएल रिव्हर्स यांनी जंतुदोषाच्या शॉकचे 263 पेशंट घेतले. निम्म्यांना पहिल्या सहा तासांत आखून दिलेली उद्दिष्टं गाठून दिली: सीव्हीपी, रक्तदाब, लघवी, आणि मध्यवर्ती शिरेतल्या रक्तातला ऑक्सिजन. मृत्यू 46.5 टक्क्यांवरून 30.5 वर आले. जगभरच्या आयसीयूंनी ही रीत उचलली. 2014-15 मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत तीच रीत आणि डॉक्टरच्या नेहमीच्या उपचारात काही फरक दिसला नाही. रिव्हर्स चुकले असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं मत वेगळं आहे. तोवर 'नेहमीचा उपचार'च बदलला होता: लवकर ओळख, लवकर अँटिबायोटिक, पहिल्या तासांत कुणीतरी खाटेजवळ हजर. रिव्हर्स यांचा खरा वारसा तो.

पण या रिती परदेशातून उचलताना आपण एक गोष्ट विसरतो. झांबियाची राजधानी लुसाका इथे जंतुदोष आणि कमी रक्तदाब असलेल्या दोनशेवर प्रौढ पेशंटांवर अशीच बांधीव रीत वापरून पाहिली. 2017 मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीलाच भरपूर सलाईन दिलेल्यांत 48.1 टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारात 33. तिथले बहुतेक पेशंट एचआयव्हीबाधित होते, आणि फुफ्फुसात पाणी साचलं तर हाताशी व्हेंटिलेटर नव्हते. डेट्रॉइटची बाटली लुसाकात लावायची तर डेट्रॉइटचा व्हेंटिलेटरही सोबत न्यायला हवा. ज्या दवाखान्यातून जवळचा मोकळा व्हेंटिलेटर दोन तासांवर आहे, तिथल्या डॉक्टरने आपल्याला यातलं कुठलं शहर लागू पडतं हे स्वतःशी ठरवावं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही मऊ झाल्या आहेत. किलोमागे 30 मिली, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला तीन बाटल्या, हे 2016 मध्ये ठामपणे सांगितलं जाई. 2021 च्या आवृत्तीत ते 'सुचवलं' आहे. त्यानंतर 2022 आणि 2023 मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत हात आखडून पाणी दिलेल्यांत आणि सढळ दिलेल्यांत मृत्यू सारखेच निघाले. सगळ्यांसाठी एकच आकडा शोधायचा नाद सोडावा असं मला यातून वाटतं. समोरच्या एका माणसाला, या घटकेला, आणखी हवं की नको, एवढंच विचारायचं.

आणि ते विचारायची एक फुकटची युक्ती आहे, म्हणून या पुस्तकातलं पाय वर करून पाहण्याचं प्रकरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पेशंट अर्धवट बसलेल्या स्थितीत असू द्यायचा, साधारण 45 अंशांत. मग खाटच फिरवून धड खाली आणि पाय वर आणायचे. पाय हाताने उचलायचे नाहीत, दुखलं की बीपी त्यानेच चढतं. पायांतलं सुमारे 300 मिली रक्त हृदयाकडे धावतं. परिणाम मिनिटभरात दिसतो आणि खाट पूर्ववत केली की पुसला जातो. म्हणजे बाटली लावून बघितली आणि नंतर काढूनही घेतली! अट एकच: बीपीवर भागत नाही, हृदयातून किती रक्त बाहेर पडतंय ते बघायला हवं. इको असेल तर उत्तम. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला कॅप्नोग्राफ लावला असेल तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची वाढही बरंच काही सांगते.

इकोवरून आठवलं. खाटेजवळ न्यायचं सोनोग्राफी यंत्र हे या कामाचं सर्वांत उपयोगी अवजार. आपल्या देशात ते 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली येतं: यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, वापरणाऱ्याची नोंदणी. कायद्याचा हेतू योग्यच आहे. ज्या राज्यात मुलींचा आकडा इतका घसरला त्याने कुरकुरू नये. पण शॉकमधल्या साठ वर्षांच्या आजोबांच्या छातीवर प्रोब ठेवायला कागदपत्रं नाहीत म्हणून तो ठेवला जात नाही, हेही खरं आहे. कागदपत्रं करून घ्या. त्याला पर्याय नाही.

वाचकाने दोन गोष्टींत घाई करू नये. पाय वर केल्यावर हृदयाचा झोत वाढला, म्हणजे पाणी द्यायलाच हवं असं नाही. आत्ता तुम्ही-आम्ही पाय वर केले तर आपल्या हृदयाचाही झोत वाढेल. म्हणून आपल्याला कुणी सलाईन लावत नाही. आधी गरज आहे का ते विचारायचं, मग मानवेल का ते. आणि लॅक्टेट वाढलं की पाणी कमी, हे समीकरण डोक्यातून काढायचं. अ‍ॅड्रेनलिनच्या ड्रिपने ते वाढतं, नेब्युलायझरमधल्या सॅल्ब्युटामॉलने वाढतं, यकृत थकलं असेल तर उतरतच नाही. दर दोन तासांनी लॅक्टेट तपासून दर वेळी बाटली लावणारे तरुण सहकारी मी पाहिले आहेत. सीव्हीपीच्या नळीकडे बघत बसलेला मीच मला त्यांच्यात दिसतो.

त्या मानाने बोटाचं नख बिचारं प्रामाणिक. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांच्या 28 आयसीयूंत 424 पेशंटांवर झालेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांचा उपचार लॅक्टेटवर ठरवला, अर्ध्यांचा बोटावर: काचेची पट्टी बोटाच्या टोकावर पांढरं पडेपर्यंत दाबायची, दहा सेकंद धरायची, सोडायची, आणि रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का ते बघायचं. बोटवाल्यांत मृत्यू 34.9 टक्के, लॅक्टेटवाल्यांत 43.4. आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरक जेमतेम हुकला, म्हणून मी त्याला विजय म्हणणार नाही. पण काचेची पट्टी रक्ताच्या तपासणीपुढे मागे पडली नाही, हे तालुक्याच्या डॉक्टरला पुरेसं आहे. बोट गरम झालं, रंग परत आला, तासाला किलोमागे अर्धा मिली लघवी होते आहे, माणूस नाव सांगतो आहे, तर बीपी अजून पाच-दहाने कमी का, म्हणून पुढची बाटली उघडायची नाही. पाईप सैल झाला असेल तर नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू करा, आणि सेंट्रल लाईनची वाट बघत बसू नका; सुरुवातीला हाताच्या चांगल्या शिरेतून ते देता येतं, फक्त शिरेवर डोळा हवा.

लेखकद्वयाने सिस्टरांसाठी वेगळं प्रकरण लिहिलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. तासातासाला लघवी मोजून लिहिणारा, पाय गार झाले की आधी ओळखणारा, ड्रिपचा वेग खरोखर किती आहे हे जाणणारा माणूस तोच. राऊंडला आम्ही पाच मिनिटं येतो आणि चार्टवरच्या शेवटच्या रकान्याकडे बघतो. मधल्या तेवीस रकान्यांत गोष्ट लिहिलेली असते.

यंत्रांची प्रकरणं तुम्ही सावकाश वाचाल. नाडीच्या लाटांतला चढउतार कुठल्या पेशंटात विश्वासार्ह आणि कुठल्यात फसवा, वर्षानुवर्षं बीपी असलेल्याला 65 चा सरासरी दाब पुरतो का, साचलेलं पाणी काढायला कधी सुरुवात करायची, हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा नीट मांडलं आहे. मी फक्त एका छोट्या गोष्टीवर बोट ठेवून थांबतो. आर्टेरियल लाईनचा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला, म्हणजे चौथ्या फासळीखालच्या जागेत बगलेच्या मधल्या रेषेवर असावा लागतो. दहा सेंटिमीटर वरखाली झाला की आकडा साडेसात मिलिमीटरने खोटा होतो. एकदा ड्रेसिंगसाठी खाट वीतभर उंच केली होती आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तसाच खाली राहिला होता. मॉनिटरवर सरासरी दाब 66, खरा जेमतेम 51. चार तास आम्ही सगळे समाधानात होतो, लघवी बंद झाली तेव्हा सिस्टरने विचारलं, "सर, हे एवढं खाली का आहे?"

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एकदा वॉर्डात जाऊन या. ट्रान्सड्यूसर कुठे टांगलाय ते बघा.